वाटीभर डाळ, पेलाभर पन्हं

आपल्या सणांची पानं बहुतेक गोडाची. दिवाळीचा फराळ तूप आणि पिठीसाखरेवर उभा, होळी पुरणावर, गणपती मोदकाच्या सारणावर, दसरा श्रीखंडावर. आंबट-तिखट या पानांवर असतं, पण डाव्या बाजूला, चटणी-कोशिंबिरीच्या रांगेत, बोटभर. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात मात्र आंबट चव डावीकडची जागा सोडून थेट मधोमध येऊन बसते. कैरीची डाळ आणि कैरीचं पन्हं, एवढाच बेत. एकच फळ, तेही पिकायच्या आधीचं. सणाला शोभेल असा थाट त्यात वरवर पाहता काहीच नाही. तरीही आपल्या सणांच्या खाण्यात इतकी नेमकी जोडी दुसरी नाही, असं माझं मत आहे, आणि ते मी सोडायला तयार नाही.

गौर चैत्र शुद्ध तृतीयेला झोपाळ्यात बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. देवघरातली अन्नपूर्णाच घासूनपुसून पितळी पाळण्यात ठेवतात. त्या महिन्याभरात सोयीचा मंगळवार किंवा शुक्रवार पाहून बायकांना बोलावणं जातं. आता येणारीची वेळ कशी असते ते पाहा. ती साडेपाच-सहाला येते, जेवणाच्या बरीच आधी. ऊन अजून पुरतं उतरलेलं नसतं. अंगावर ठेवणीतली साडी, पदरात ओटी, आणि अजून दोन-तीन घरची बोलावणी बाकी. तिच्यापुढे ताट मांडता येत नाही, वाफाळतं काही ठेवता येत नाही, बोटं तुपकट होतील असंही देता येत नाही. इकडे घरच्या बाईला कढईपाशी उभं राहून चालत नाही. हळदीकुंकू लावायला, हाताला अत्तर लावायला, गुलाबपाणी शिंपडायला ती बाहेर हवी. या सगळ्या अडचणी शेजारी-शेजारी ठेवल्या की बेत आपोआप ठरतो: आधी करून ठेवता येणारं, गार वाढायचं, चमच्याने चार घासांत संपणारं, आणि त्यावर प्यायला काहीतरी. कुणा एकीच्या डोक्यातून हे निघालं नसणार. पण ज्यांनी ज्यांनी ही रीत घासून घासून इथवर आणली त्यांना पाहुणी नीट कळली होती.

डाळीपासून सुरुवात करू. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजली की नखाने दाबून पाहायची. कट्‌ करून दुभंगली पाहिजे, चेपली जाता कामा नये. मग चाळणीवर उपसून पूर्ण निथळू द्यायची, कारण पुढे वाटताना पाण्याचा थेंबही घालायचा नाही. बरोबर हिरव्या मिरच्या आणि थोडं जिरं. मिरची डाळीतच वाटली गेली पाहिजे; वरून चिरून घातलेली मिरची एका घासात सापडते आणि तीन घासांत सापडत नाही.

सगळी गोम या वाटण्यात आहे. पाट्यावर वरवंटा फिरला की डाळीचे काही दाणे पीठ होतात, काही अर्धे राहतात, काही कोपऱ्याकोपऱ्याने फुटतात. हा असमानपणा डाळीचा प्राण. पिठासारखा भाग बाकीच्यांना धरून ठेवतो, अर्धे दाणे दातांना काम देतात, आणि कोपरे मधूनच कुरकुरतात. मिक्सरला हे जमत नाही असं नाही, पण त्याला घाई फार. बटण दाबून धरलं की खाली लगदा आणि वर अख्खे दाणे. थोडी थोडी डाळ घालून, थांबत थांबत, मधे चमच्याने वरखाली करत वाटली तर पाट्याच्या जवळ जाता येतं. जिथे डाळ लोण्यासारखी मऊ आली तिथे मी पहिल्या चमच्यालाच समजून जातो की या घरात पन्हं तेवढं प्यायचं.

कच्च्या डाळीला एक हिरवट, कच्चट वास असतो. तो पूर्ण घालवायचा नसतो, त्याला नुसता लगाम घालायचा असतो. हिंग त्यासाठी, आणि सढळ. कच्ची डाळ पचायला जड हेही हिंगाचं एक निमित्त. वाटी लहान असण्याचंही तेच. आंबेडाळ पोटभर खायची गोष्ट नव्हे, हे तिच्या भांड्यानेच सांगून ठेवलं आहे.

कैरी किसून घालायची, वाटून नाही. वाटीभर कोरड्या डाळीला अर्धी ते पाऊण वाटी कीस. नेमकं माप कैरीच्या आंबटपणावर. बाजारात तोतापुरी हाताशी येते, मोठी असते, किसायला सोपी, म्हणून तिचा मोह पडतो. पण तिचा आंबटपणा मवाळ. डाळीच्या पिठूळपणाला भिडायला रायवळ झाडाची, खणखणीत आंबट कैरी हवी. कैरीचा ऋतूही इथे खेळ करतो. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, त्यामुळे अधिक मास येईपर्यंत चैत्र दरवर्षी मागे सरकत राहतो. २०२४ साली पाडवा ९ एप्रिलला आला, २०२६ चा १९ मार्चला. मार्चातल्या कैरीची बाठ सुरीने सहज कापली जाते आणि आंबटपणाच्या आगेमागे तुरटपणा असतो. एप्रिलअखेरच्या कैरीत गाभ्याकडे पिवळी झाक येते, गोडी शिरू लागते. म्हणजे त्याच घरात, त्याच हाताची डाळ दोन वर्षं सारखी लागत नाही. पुस्तकातलं माप इथे हात टेकतं. कीस चाखून मगच साखरेच्या डब्याकडे वळावं.

साखर इथे चिमटीने. ती गोडी आणायला घातलेली नसते; मीठ, मिरची आणि आंबट यांच्यामधल्या फटी बुजवण्यापुरती असते. मीठ आणि कीस एकत्र आले की पाणी सुटू लागतं, म्हणून हे सगळं पाहुण्या यायच्या अर्ध्या तासापेक्षा आधी एकत्र करू नये. शिवाय उन्हाळा आहे. ही डाळ सकाळी कालवून ठेवली तर संध्याकाळपर्यंत तिचा भरवसा नाही.

मग फोडणी. तेल नेहमीपेक्षा अंमळ जास्त, कारण कच्ची डाळ कोरडी असते आणि तेल कमी पडलं तर घशात तोठरा बसतो. मोहरी पूर्ण तडतडू द्यायची, मग हिंग, हळद, कढीलिंब, एखादी सुकी लाल मिरची. आणि ही फोडणी गार करून घालायची. गरम फोडणी ओतणाऱ्या घरांशी माझं भांडण आहे. चर्रर्र आवाज होतो, वास सुटतो, समाधान वाटतं. पण त्या झळीने वरची डाळ अर्धवट शिजते, कीस मलूल पडतो, आणि झाकण ठेवलं की आत वाफ धरून सगळं ओलसर होतं. गार फोडणीतलं तेल दाण्यादाण्यावर पातळ चढतं आणि डाळ कच्चीच राहते. कच्चेपणा हाच तर या पदार्थाचा मुद्दा आहे. अनंत चतुर्दशीला विसर्जनाच्या प्रसादाची वाटली डाळ हिच्याच कुळातली, पण ती आचेवर परतून, वाफ आणून मोकळी केलेली. भाद्रपदाच्या ओल्या हवेत ती ऊब बरी वाटते. चैत्रात चूल जितकी कमी पेटेल तितकी बरी. वरून ओलं खोबरं, कोथिंबीर. खोबरं जपून, ते आंबटाला लगेच गप्प करतं.

आता पन्हं. डाळीत कैरी कच्ची, सुटी, किसाच्या काडीकाडीत वेगळी. पन्ह्यात तीच कैरी सालासकट उकडलेली, बाठीवरून गर ओरबाडून घेतलेली, मोडून एकजीव केलेली. कच्च्या कैरीचा आंबटपणा पुढच्या दातांवर येऊन आदळतो. उकडलेल्या कैरीचा जिभेच्या मागच्या बाजूला, जरा उशिरा पोचतो, आणि पोचतो तेव्हा गुळाचा हात धरून. एका फळाचे हे दोन स्वभाव एकाच वेळी हातात येतात, एक चमच्यावर आणि एक पेल्यात. रसिकाने थांबावं ते इथे.

गूळ की साखर हा जुना वाद. साखरेचं पन्हं दिसायला सुरेख: फिकट पिवळसर, हिरवट झाक असलेलं, त्यात केशराची काडी रंग सोडताना दिसते. गुळाचं गढूळ, तांबूस, दिसायला सामान्य. पण साखर नुसती गोड असते, गुळाला स्वतःचं म्हणणं असतं. त्याच्यातला किंचित खारटपणा कैरीला खाली जमिनीवर आणतो. माझं मत गुळाला. केशर घालायचंच असेल तर साखरेच्या पन्ह्यात घालावं. गुळाच्या पन्ह्यात ते वाया जातं, तिथे वेलची पुरे. गराला दीडपट ते दुप्पट गूळ लागतो, आणि मीठ दोन्हीकडे हवंच. मिठाशिवाय पन्हं म्हणजे नुसतं सरबत. घामाने निथळलेल्या माणसाला पाणी, गोड आणि मीठ तिन्ही एकदम मिळतं, म्हणून दोन घोटांत जिवात जीव येतो.

गर आणि गूळ एकत्र करून ठेवला तर टिकतो, पाहुण्या येतील तसं पाणी मिसळत जायचं. पाणी माठातलं, त्यात वाळ्याची जुडी टाकलेली असेल तर उत्तम. बर्फ मी घालू देत नाही. आधी चव मारतो, मग वितळून पन्हं फिकं करतो, आणि इतक्या गारठ्यात वेलचीचा वास वरच येत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये वेलकम ड्रिंक म्हणून जे पिवळंधमक, बर्फाळ पन्हं फिरतं ते पिऊन कैरीची आठवणसुद्धा होत नाही. उत्तरेकडचा आम पन्ना, भाजलेल्या कैरीचा, जिरं, पुदिना, काळं मीठ घातलेला, हा वेगळा आणि चांगला प्रकार आहे. पण तो स्वतःच तिखट-खारट असल्यामुळे आंबेडाळीशेजारी बसवला तर दोघेही एकदम बोलू लागतात.

आणि दोघांनी आळीपाळीने बोलणं हेच तर या बेताचं मर्म. डाळ कोरडी, खरबरीत, तिखट, म्हणजे तहान लावणारी. पन्हं ती भागवतं. पण तिथे गोष्ट संपत नाही. गोडाच्या घोटानंतर जीभ आंबटाला जास्त जागी होते, त्यामुळे पन्ह्यानंतरचा डाळीचा चमचा आधीच्यापेक्षा आंबट लागतो, आणि त्यानंतरचा पन्ह्याचा घोट आधीच्यापेक्षा गोड. वाटी आणि पेला एकमेकांना असे चढवत नेतात. म्हणून डाळीचं मीठ-साखर पाहायची ती पन्ह्याचा एक घोट घेऊन, मग. नुसती चाखून बेतास बात वाटलेली डाळ पन्ह्याशेजारी उगाच झोंबरी निघते. आणि याच कारणाने पन्ह्यात जीव जाईल इतका गूळ घालू नये. घोट फार गोड झाला की डाळीची पुढची वाटच बंद होते.

ही जोडी फक्त आपली नाही. कर्नाटकात रामनवमीला पानक आणि कोसंबरी देतात: गूळ, सुंठ, मिरी, वेलचीचं गार पाणी, आणि भिजवलेल्या कच्च्या मुगाच्या डाळीत काकडी, खोबरं, कधी कैरीचा कीस. तिथेही महिना चैत्रच, तिथेही भिजलेली कच्ची डाळ आणि गुळाचं पेय. आपल्याकडे मूग जाऊन हरभरा आला आणि पन्ह्यात कैरी शिरली, त्यामुळे आपला बेत जास्त भांडखोर झाला. कोसंबरी सात्त्विक आहे, मला मान्य. पण वाटीच्या तळाशी चमचा खरवडावा असं आंबेडाळीपाशीच होतं.

बाकी थाट डोळ्यांसाठी असतो. पायऱ्यांची आरास, कमळासारखं कातरलेलं कलिंगड, अंगणात शंख-चक्र-कासव-गोपद्मांचं चैत्रांगण. ओटीत भिजवलेले हरभरे पडतात, तेही त्याच धान्याचे, फक्त अख्खे. चार घरी जाऊन आलेल्या बाईच्या पदरात इतके हरभरे जमतात की दुसऱ्या दिवशी आळीत घरोघर उसळ शिजते. या वाटीला एक कडू बाजूही आहे. ती कुणाला द्यायची नाही याचे नियम घट्ट होते. विधवा बाई स्वयंपाकघरात डाळ वाटत बसायची आणि बाहेर तिला बोलावणं नसायचं. आता बरीच घरं सगळ्यांना बोलावतात. उशिरा का होईना.

न्यू जर्सीतली, लंडनमधली मराठी घरंही हे हळदीकुंकू करतात. कैरी मिळते, डाळ मिळते, मिक्सर तर असतोच. मिळत नाही तो उकाडा. दारात कोट काढून ठेवलेल्या बाईला माठातल्या पाण्याचं काय कौतुक? तिथे पन्हं जरा दाट आणि कमी गार करावं, डाळीत मिरची वाढवावी, म्हणजे तहानेचं काम थोडंफार तिखट करतं.

राहता राहिली उरलेली डाळ. रात्री जेवताना दहीभाताबरोबर ती संपवणं हा पहिला आणि सर्वांत चांगला मार्ग; संध्याकाळभर आतल्या खोलीत बसवून ठेवलेली पुरुषमंडळी आणि पोरं त्याचीच वाट पाहत असतात. तरीही उरली तर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी तिच्यात थोडं बेसन, चिरलेला कांदा घालून वडे तळतात. वडे खमंग होतात, कैरीचा कीस कडेने करपून मस्त लागतो. पण ते वडे पन्ह्याबरोबर खाऊ नयेत. त्यांना चहाच लागतो.