लेव्हन हेल्मचा गळा

‘द बँड’ ह्या संचातले पाचांपैकी चौघे कॅनडाचे. अमेरिकेच्या दक्षिणेतला एकटा लेव्हन हेल्म. आर्कन्सॉतल्या कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. ड्रम वाजवीत वाजवीतच तो गाई.

1969 साली आलेले ‘द नाइट दे ड्रोव्ह ओल्ड डिक्सी डाउन’ रचले टोरांटोच्या रॉबी रॉबर्टसनने, आणि गाइले हेल्मने. रचनेच्या श्रेयावरून पुढे दोघांत वितुष्ट आले. कागदावरचा हक्क कोणाचा ते वकील जाणोत. पण पराभूत दक्षिणेतल्या गरीब शेतकऱ्याचे ते दुःख दुसऱ्या कोणाच्या तोंडून मला खरे वाटले नसते. गुलामांचे दुःख मात्र त्या गीतात कोठेच नाही, हे खटकते.

पुढे घशाच्या कर्करोगाने हेल्मचा आवाज गेला. दिवसभर वर्गात ओरडणाऱ्या मास्तराला ह्याचा अर्थ वेगळा सांगायला नको! कित्येक वर्षे तो नुसता वाजवीत राहिला, मग हळूहळू पुन्हा गाऊ लागला. रसिकहो, 2007 चा ‘डर्ट फार्मर’ अवश्य ऐका. त्यात आईवडिलांकडून शिकलेली जुनी गाणीही आहेत. आवाज खरवडलेला, वरचा स्वर कष्टाने गाठलेला. 2012 साली हेल्म वारला. तरुणपणीच्या खणखणीत गळ्यापेक्षा मला हाच अधिक प्रिय आहे. घरच्या मंडळींना मात्र तो घसा बसलेला वाटतो.