खांब फुटल्यानंतर

‘महावतार नरसिंह’ हा अश्विन कुमार यांचा हलत्या चित्रांचा बोलपट २५ जुलै २०२५ रोजी प्रदर्शित झाला, आणि प्रेक्षक चित्रगृहात पादत्राणे काढून बसतात, भजने म्हणतात, अशा वार्ता येऊ लागल्या. यात नवल ते काय? १९१७ साली फाळक्यांच्या ‘लंकादहना’त राम दिसताच लोक असेच हात जोडीत, असे सांगतात.

आम्ही वरणगावकरांनी तो भुसावळास जाऊन पाहिला. शेवट कुणाला ठाऊक नव्हता? तरीही खांब तडकेपर्यंत पोरे श्वास धरून बसली होती. ठाऊक असलेल्या गोष्टीची उत्कंठा अशीच असते. काय होणार यापेक्षा केव्हा होणार, याची.

पुढचे युद्ध मात्र मला फार लांबले असे वाटले. ना दिवस ना रात्र, ना घरात ना बाहेर, ना माणूस ना पशू! वराच्या या कोड्याला तिन्हीसांज आणि उंबरठा हे केवढे नेमके उत्तर! ते दणदणाटात बुडाले. टाळ्या पडल्या त्या दणदणाटालाच.

भागवतात खरा कळस याच्याही पुढे आहे. संतापलेल्या नरसिंहाजवळ जावयास लक्ष्मीही धजत नाही. जातो तो प्रल्हाद. आमच्या चित्रगृहात तोवर चपलांची शोधाशोध सुरू झाली होती. मागल्या रांगेतली एक चिमुरडी तेवढी पडद्याकडे पाहात होती.

“मम्मी, आता तो प्रल्हादला तर नाही ना मारणार?”

“नाही गं. चप्पल घाल आधी.”