गुण आला, पण कशाचा?

पोटाला चुंबकाचा पट्टा बांधला आणि तीन आठवड्यांत गुण आला, असे आमच्या एका शिक्षकमित्राने मोठ्या आनंदाने सांगितले. त्याला इरिटेबल बॉवेल सिंड्रोमचा (आय.बी.एस.) जुना त्रास आहे. पोटात कळा, फुगारा, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब. या विकारात नेहमीच्या तपासण्यांत आतड्याला जखम दिसत नाही, तरी रुग्णाचा त्रास खराच असतो. मित्राला बरे वाटले, याबद्दल आम्हांला शंका नाही. पण ते पट्ट्यामुळे वाटले का, हा प्रश्न वेगळा आहे.

चुंबक रक्तातील लोह ओढून रक्ताभिसरण सुधारतो, असे पट्ट्यासोबतच्या पत्रकात छापले होते. हा दावा शालेय विज्ञानापुढेही टिकत नाही. हिमोग्लोबिनमधील लोह म्हणजे लोखंडाचा कीस नव्हे. उलट, प्राणवायूयुक्त हिमोग्लोबिन चुंबकाकडून अतिशय क्षीणपणे दूर लोटले जाते. एम.आर.आय. यंत्राचे क्षेत्र सामान्यतः १.५ ते ३ टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या निदान काही हजार पट असते. तरीही त्यात झोपलेल्या रुग्णाचे रक्त एका बाजूला गोळा होत नाही. वर्गात छोटा चुंबक आणि टाचणी घ्या आणि मध्ये वहीची पाने वाढवत जा. ओढ किती झपाट्याने कमी होते, ते विद्यार्थ्यांना दिसेल.

मग गुण कशाचा? आय.बी.एस. मुळातच कमीजास्त होणारा विकार आहे. माणूस नवा उपाय शोधतो तो त्रास अगदी वाढलेला असताना, आणि त्यानंतर तो बहुधा आपोआपच उतरतो. शिवाय उपचार होत आहेत, कोणी आपली विचारपूस करीत आहे, याचाही परिणाम होतो.

हे जुनेच आहे. १७९६ साली अमेरिकेत एलिशा पर्किन्स यांनी वेदना ओढून काढणाऱ्या धातूच्या कांड्यांचे पेटंट घेतले. १७९९ मध्ये इंग्लंडमधील बाथ येथे डॉ. जॉन हेगार्थ यांनी तशाच दिसणाऱ्या लाकडी कांड्या वापरून पाहिल्या. पाचपैकी चार रुग्णांना आराम वाटला!

आय.बी.एस.बाबत २००८ साली अमेरिकेतील एका अभ्यासात २६२ रुग्णांचे तीन गट केले होते. तीन आठवड्यांनंतर, नुसत्या प्रतीक्षायादीवर ठेवलेल्यांपैकी २८ टक्के लोकांनी पुरेसा आराम पडल्याचे सांगितले. कातडीत न शिरणाऱ्या लटक्या सुया लावलेल्यांत हे प्रमाण ४४ टक्के होते. त्याच लटक्या सुयांबरोबर आस्थेने विचारपूसही झालेल्यांत ते ६२ टक्के होते. म्हणून ‘शंभरात साठ जणांना गुण’ अशी जाहिरात वाचली की आपण लगेच विचारावे: कशाच्या तुलनेत?

विजेचा उपचार म्हणजे थोतांडच, असेही आम्ही म्हणत नाही. कानामागे बसवून सौम्य विद्युत्स्पंद देणाऱ्या एका उपकरणाला २०१९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ११ ते १८ वर्षांच्या आय.बी.एस. रुग्णांसाठी संमती दिली. त्याची तुलना हुबेहूब दिसणाऱ्या लटक्या उपकरणाशी झाली होती. वेदना निदान ३० टक्क्यांनी कमी झालेले रुग्ण खऱ्या उपकरणाच्या गटात ५२ टक्के होते, तर लटक्याच्या गटात ३० टक्के. चाचणी लहान होती, पण प्रश्न योग्य रीतीने विचारला गेला. पट्टेवाल्यांच्या पत्रकात असली तुलना नावालाही नव्हती.

पट्टा आल्यापासून मित्राने डॉक्टरांकडे जाणे सोडले आहे. आमची खरी काळजी ही आहे. शौचातून रक्त जाणे, वजन घटणे, रक्तक्षय होणे किंवा पन्नाशीनंतर प्रथमच असा त्रास सुरू होणे, ही आय.बी.एस. म्हणून सोडून देण्याची लक्षणे नव्हेत. त्यामागे आतड्याचा कर्करोगही असू शकतो. अशा वेळी पट्ट्याने वाटलेला आराम निदानाचे मोलाचे महिने खाऊन टाकतो. म्हणून मित्राला आम्ही एवढेच सांगितले: पट्टा हवा तर बांध, पण आधी तपासणी करून घे.