सत्कार झाला, गाणं राहिलं

सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिरात किंवा टिळक स्मारक मंदिरात जुन्या मराठी गाण्यांचा कार्यक्रम असला, की मध्यंतराच्या आधी एक ठरलेला प्रसंग येतो. निवेदक पहिल्या रांगेकडे हात करतो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी ज्यांच्या आवाजात ते गाणं घरोघरी पोचलं, त्या बाई कुणाचा तरी हात धरून उभ्या राहतात. टाळ्या कडाडतात. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, एक फोटो. कुणी तरी मागून ओरडतं, दोन ओळी म्हणा ना! त्या हसून मान हलवतात. कशा म्हणतील? पट्टी त्यांच्यासाठी लावलेली नाही, तालीम झालेली नाही, आयोजकांनी त्यांना बोलावलंय ते सत्कारासाठी. त्या खाली बसतात आणि त्यांचंच गाणं विशीतल्या मुलीच्या तोंडून ऐकतात. मुलगी चांगलीच गाते, मूळ तबकडीतली प्रत्येक जागा जशीच्या तशी घेते.

मराठी भावसंगीताची आजची अवस्था मला या एका प्रसंगात पुरती दिसते. गाणी आपण जिवापाड जपली. स्वरानंदसारख्या पुण्यातल्या संस्थेने 1970 पासून हे काम निष्ठेने केलं, आणि ते झालं नसतं तर कितीतरी चाली आज कुणाला आठवल्याही नसत्या. पण गाणाऱ्याचं उत्तरायुष्य हाही संगीताचाच भाग आहे, हे मात्र आपण कधी मनावर घेतलं नाही.

गजाननराव वाटव्यांचंच पाहा. 1940 च्या दशकात पुण्याच्या गणेशोत्सवात वाटवे गाणार म्हटलं की चौक भरून जात, माणसं रस्त्यावर बसकण मारत. मनमोहन नातू, राजा बढे यांच्या कविता त्यांनी स्वतः चाली लावून, स्वतः पेटी वाजवत लोकांपुढे मांडल्या. नाटक नाही, सिनेमा नाही, एक माणूस, एक पेटी आणि कविता. लोकप्रिय गायक या शब्दाचा आजचा अर्थ मराठीत कुणापासून सुरू होत असेल, तर तो वाटव्यांपासून. पुढे रेडिओ आणि सिनेमाची गाणी आली, चौकातली मैफल मागे पडली, आणि हा माणूस हळूहळू मंचावरून गोष्टींमध्ये गेला. 2 एप्रिल 2009 ला पुण्यातच ते गेले, तेव्हा नव्वदी ओलांडलेली होती. कीर्तीची दहा-पंधरा वर्षं आणि त्यानंतरचं अर्धशतक! त्या अर्धशतकातले वाटवे कसे गात होते, शब्दाकडे कसे पाहत होते, हे ऐकायची आपण पुरेशी व्यवस्था केली का?

त्यांच्या आधी बालगंधर्व. त्यांच्या ऱ्हासाची कथा महाराष्ट्राला पाठ आहे: कंपनीवरचं कर्ज, बोलपटांची लाट, 1935 मध्ये प्रभातचा ‘धर्मात्मा’, मग लुळे पडलेले पाय. मान-सन्मानांत मात्र खंड नव्हता. 1955 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, 1964 मध्ये पद्मभूषण. पुण्यातल्या त्यांच्या नावाच्या रंगमंदिराचं भूमिपूजन 1962 मध्ये त्यांच्याच हातून झालं. 26 जून 1968 ला ते उघडलं तेव्हा त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. उतारवयात ते भजनं गात होते. थकलेल्या आवाजातलं ते गाणं आजही आपण कौतुकाने कमी आणि कणवेने जास्त ऐकतो. मला ही कणव पटत नाही. तिच्यामुळे त्या भजनांतला लयीचा तोल ऐकायचा राहून जातो.

सगळ्यांचंच असं झालं नाही. जी. एन. जोशी हे पेशाने नागपूरचे वकील. ना. घ. देशपांड्यांच्या ‘शीळ’ या कवितेच्या तबकडीने ते 1930 च्या दशकात घराघरांत पोचले. पुढे ते एचएमव्हीत रुजू झाले आणि मोठमोठ्या गवयांचं ध्वनिमुद्रण करत राहिले. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांचा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा अल्बम त्यांच्याच हातचा. अरुण दाते वस्त्रोद्योगातले अभियंते. पोटापाण्याची सोय गाण्यावर अवलंबून नव्हती, म्हणूनच घाई न करता त्यांना ‘शुक्रतारा’ या कार्यक्रमाचे प्रयोग वर्षानुवर्षं करता आले. दोघेही टिकले, पण हाताशी दुसरं काही होतं म्हणून. निव्वळ आवाजावर जगणाऱ्याला हा आधार कुठला?

कायद्यानेही फार उशीर केला. कलाकार म्हणून गायकाचा स्वतंत्र हक्क आपल्या कॉपीराइट कायद्यात आला तो 1994 च्या दुरुस्तीने. रॉयल्टीचा मार्ग नीट उघडला 2012 च्या दुरुस्तीनंतर, आणि ती गोळा करणारी गायकांची संघटना 2013 मध्ये उभी राहिली. ध्वनिमुद्रणावरचा हक्क साठ वर्षांनी संपतो, म्हणजे वाटव्यांच्या उमेदीच्या काळातल्या तबकड्यांवरचा तो हक्क आता उरलेला नाही. त्या तबकड्यांनी एक पिढी वेडी केली, पण या हक्कांपैकी काहीही त्या गायकांच्या उमेदीत त्यांच्या पदरी पडलं नाही.

आणखी एक गोष्ट खुपते. पेठेतल्या जुन्या गाण्यांच्या या कार्यक्रमांत प्रल्हाद शिंदे क्वचितच येतात. विठ्ठलाच्या त्यांच्या गाण्यांशिवाय आषाढी जात नाही, मांडवात त्यांचा आवाज हमखास असतो, 2004 मध्ये ते गेल्यावर मुलं-नातवंडंही गाणं पुढे नेताहेत. तरी आठवणींच्या कार्यक्रमाची यादी करताना त्यांचं नाव सुचत नाही. लोकप्रियता ओसरल्यावर कुणाला ‘अभिजात’ म्हणायचं, हे आवाजावर ठरत नाही, सभागृहात बसणाऱ्यांवर ठरतं. हे बदललं पाहिजे.

नव्यांची गत वेगळी आहे, कारण त्यांची कीर्ती लहान वयातच येते. 2009 मध्ये दूरचित्रवाणीवरच्या ‘लिटिल चॅम्प्स’ या गाण्याच्या स्पर्धेची अंतिम फेरी झाली तेव्हा कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, मुग्धा, प्रथमेश, रोहित ही नावं सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी होती. 2021 मध्ये हीच पाच मुलं त्याच कार्यक्रमात परीक्षक म्हणून बसली. विशी-पंचविशीत ज्येष्ठ होणं! ‘इंडियन आयडल’चा 2005 चा पहिला विजेता अभिजीत सावंत 2024 मध्ये ‘बिग बॉस मराठी’त उपविजेता ठरला, आणि एका पिढीला तो नव्याने कळला, पण गाण्यामुळे नव्हे. वाहिनी चेहरा जपते, गळा जपणं तिचं काम नाही. यातली जी मुलं गुरूकडे शिकत राहिली, त्यांच्याबद्दल मला भरवसा वाटतो.

आता पहिल्या रांगेतल्या त्या बाईंकडे परत येऊ. साठीनंतर आवाजाची पट्टी उतरते, दमसास कमी होतो, तार षड्ज निसटतो. पण शब्दाचं वजन कळलेलं असतं, कुठे थांबायचं हे कळलेलं असतं, आणि भावगीतात तेच तर मुख्य. अशा गायकांना ऐकायला मोठं सभागृह, ऑक्टोपॅड, नऊ वादकांचा ताफा लागत नाही. पेठेतल्या एखाद्या छोट्या हॉलमध्ये शंभर खुर्च्या, पेटी, तबला, तंबोरा; पट्टी गाणाऱ्याच्या सोयीची; दोन तालमी आणि त्यांचंही मानधन. एका संध्याकाळी सहा गाणी पुरेत, मधल्या वेळात त्यांनी चालींबद्दल बोलावं. सगळं नीट ध्वनिमुद्रित व्हावं. सत्कारावर होणाऱ्या खर्चात हे सहज बसतं, आणि ज्यांच्याकडून ऐकायचं त्यांतले काहीजण आज ऐंशीच्या पुढे आहेत.