पूर्वसंशोधनाचा आढावा : मोजणी की चिकित्सा?

प्रबंधातील पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचे प्रकरण बहुधा सर्वांत निर्जीव असते. अमुक विद्वान असे म्हणतात, तमुक तसे, एवढ्यावर ते संपते. आढाव्याचा प्रकार प्रश्नावरून न ठरविल्याचा हा परिणाम होय.

मराठीत बौद्ध विषयांवर कोणकोणते लेखन झाले, हे पाहावयाचे असल्यास व्याप्तिदर्शक आढावा पुरेसा आहे. ध्यानसाधनेचा रक्तदाबावर परिणाम होतो काय, या प्रश्नाला वैद्यकशास्त्रात रूढ असलेला पद्धतशीर आढावा योग्य ठरतो. निवडीचे निकष आधीच जाहीर करण्याची त्याची शिस्त सर्वांनीच घ्यावी. मात्र स्वतंत्र प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करण्याची त्याची रीत इतिहासाला सरसकट लावता येत नाही.

महापरिनिर्वाणाच्या कालनिर्णयाचेच उदाहरण घ्या. दीपवंस व महावंस यांनुसार महापरिनिर्वाणानंतर 218 वर्षांनी अशोकाचा राज्याभिषेक झाला. हा अभिषेक इ. स. पू. 268 च्या सुमाराचा मानल्यास महापरिनिर्वाण इ. स. पू. 486 मध्ये येते. उत्तरेकडील परंपरा हेच अंतर सुमारे शंभर वर्षांचे सांगते; तिच्यानुसार ते इ. स. पू. 368 च्या आसपास येते. जर्मन विद्वान हाइन्त्स बेखर्ट यांनी 1988 मध्ये परिषद भरवून हा प्रश्न नव्याने चर्चेला आणला. आता 486 हे वर्ष देणारे पन्नास ग्रंथ मोजले, आणि ते सर्व त्या 218 वर्षांवरच विसंबून असले, तर साक्षीदार पन्नास नव्हेत, एकच होय. येथे मतांची संख्या गौण असून प्रत्येक मताचा आधार तपासणारा चिकित्सक आढावाच हवा.

या प्रकाराचा वस्तुपाठ आपल्यापुढेच आहे. कोलंबिया विद्यापीठात 9 मे 1916 रोजी वाचलेल्या जातिविषयक निबंधात बाबासाहेबांनी सेनार, नेसफील्ड, रिस्ले व केतकर यांच्या व्याख्या तपासल्या. त्यांतील किती एकमतात आहेत, हे त्यांनी मोजले नाही. नेसफील्ड परिणामालाच कारण समजतात, हे त्यांनी दाखविले. केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हेही स्पष्ट केले. या छाननीतूनच जातिअंतर्गत विवाह हे जातीचे मूळ लक्षण म्हणून पुढे आले. आढावा तेथे प्रस्तावनेपुरता उरला नाही, तोच सिद्धांताचा पाया झाला.

म्हणून मार्गदर्शकांनी विद्यार्थ्याला किती ग्रंथ पाहिले, एवढेच विचारू नये. प्रत्येक ग्रंथ कशाच्या आधारावर उभा आहे, हेही विचारावे. ज्या समाजाचा इतिहास दीर्घकाळ इतरांनी लिहिला, त्याच्या संशोधकाने तरी बहुमताला पुरावा समजू नये.