लामार्तीन : इतिहास रंगवणारा आणि तपासणारा

बोईसर-तारापूर भागातील धर्मग्रामांच्या स्मरणिका आमच्या हाती येतात. १७३९ च्या तारापूर किल्ल्याच्या लढाईचे वर्णन त्यांत असे रंगते, की लेखक जणू तटावर उभा होता! अशा वेळी आम्हांला आल्फोन्स द लामार्तीन आठवतो.

१७९० साली माकों येथे उमराव घराण्यात जन्मलेला हा कवी १८३३ मध्ये फ्रान्सच्या प्रतिनिधिगृहात गेला. एका धर्मगुरूच्या जीवनावरील त्याचे ‘जोसलँ’ हे काव्य १८३६ साली रोमने निषिद्ध ठरवले. पुढे १८४७ मध्ये ‘जिरोंदिनांचा इतिहास’ आठ खंडांत प्रसिद्ध झाला. राज्यक्रांतीतील या मवाळ पुढाऱ्यांनी वधाच्या आदल्या रात्री तुरुंगात घेतलेले भोजन त्याने मोठ्या थाटाने वर्णिले आहे. त्यावर प्रभूच्या शेवटच्या भोजनाची छाया पडली आहे, हे ख्रिस्ती वाचकास सांगावे लागत नाही. मात्र ते भोजन तसे झाले, याला भक्कम पुरावा नाही. कवीने इतिहासकाराचा हात धरून त्याला आडवाटेला नेले, असे आमचे मत आहे.

वर्षभरातच लामार्तीन स्वतः सत्तेवर आला. लाल निशाण त्याने नाकारले. वसाहतींतील गुलामगिरी त्याच्या हंगामी सरकारने २७ एप्रिल १८४८ रोजी रद्द केली. डिसेंबरात अध्यक्षपदासाठी त्याला जेमतेम अठरा हजार मते पडली, तर लुई नेपोलियनला चोपन्न लाख! पुढचे आयुष्य कर्ज फेडण्यासाठी लिहिण्यात गेले.

त्या काळातील एक कृती आम्हांला विशेष वाटते. १८६१ मध्ये त्याने आपल्याच इतिहासाची चिकित्सा लिहिली. तीत तो स्वतःचा बचाव करतो, तरी काही निवाडे चुकल्याचे मान्यही करतो. इतके धैर्य किती ग्रंथकारांपाशी असते?

त्याच वर्षी, ५ जानेवारीला, लिस्बनहून एका गोमंतकीयाने त्याला पत्र लिहून भारतासाठी स्वातंत्र्य आणि प्रकाश मागितला. नावेलीचे डॉक्टर फ्रांसिस्को लुईस गोमिश तेव्हा पोर्तुगालच्या संसदेत गोव्याचे प्रतिनिधी होते. लामार्तीनच्या वाणीने ते भारावले होते, यात नवल नाही. पण १८६९ साली, म्हणजे लामार्तीन आणि ते स्वतः ज्या वर्षी निवर्तले त्याच वर्षी, मार्क्विस पोम्बालवरील त्यांचा फ्रेंच ग्रंथ निघाला. जेझुइटांना देशोधडीला लावणारा हा मंत्री. त्याच्याविषयी रंग भरण्याचा मोह मोठा. गोमिश यांनी उपशीर्षकातच ‘सार्वजनिक जीवनाची रूपरेषा’ एवढी मर्यादा घालून घेतली. एका चाहत्याचा हा संयम आम्हांला त्या पत्राहूनही मोलाचा वाटतो.