वाड्याची आठवण आणि आगगाडीची साक्ष

नाहीशा झालेल्या वास्तूंच्या आठवणी हा आता इंग्लंडात एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच होऊन बसला आहे. १९७४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात जमीनदोस्त झालेल्या उमरावी वाड्यांचे एक प्रदर्शन भरले होते. सुमारे शंभर वर्षांत असे हजारावर वाडे पाडले गेले, ही गोष्ट त्या प्रदर्शनाने तेथील सामान्य माणसाच्या दृष्टीस आणली. गावोगावचे वृद्ध सांगतात, हौशी इतिहासकार टिपून घेतात आणि लहानमोठ्या पुस्तिकांतून हे लेखन वाचकांपुढे येते. त्यात मुख्यतः दोन भाव आढळतात : एक जिव्हाळा व दुसरा हळहळ. दोन्ही प्रामाणिक असतात याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु भाव प्रामाणिक असला म्हणजे त्यातून उमटणारे चित्र यथार्थ असतेच असे नाही, आणि टीकाकाराचे काम नेमके येथेच सुरू होते.

उदाहरणादाखल आम्ही चेशर परगण्यातील ईटन हॉल घेतो. चेस्टर शहराच्या दक्षिणेस काही मैलांवर ग्रोव्हनर घराण्याचे हे पिढीजात ठाणे आहे. लंडनमधील मेफेअर व बेलग्रेव्हिया या भागांतील जमिनीमुळे हे घराणे इंग्लंडातील अत्यंत श्रीमंत घराण्यांत गणले जाते. पहिले ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर यांनी १८७० पासून सुमारे बारा वर्षे खपून व लाखो पौंड खर्चून येथे गॉथिक धर्तीचा प्रचंड प्रासाद उभारला. शिल्पकार होते आल्फ्रेड वॉटरहाउस. लंडनचे सुप्रसिद्ध निसर्गेतिहास संग्रहालय त्यांचेच. १९६१ ते १९६३ या काळात हा प्रासाद पाडण्यात आला. प्रार्थनामंदिर, घड्याळाचा मनोरा आणि तबेले एवढेच काय ते राहिले.

या प्रासादाची स्वतःची आगगाडी होती. १८९६ साली सर आर्थर हेवुड यांनी ती बांधली. ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या बाल्डर्टन येथील फाट्यापासून प्रासादापर्यंत सुमारे तीन मैल ती धावे. आमच्या माथेरानच्या गाडीचे दोन रूळ परस्परांपासून दोन फुटांवर आहेत, आणि तीही आपणांस चिमुकली वाटते. ईटनच्या रुळांत अंतर केवळ सव्वा फुटाचे होते. इंजिनांना घराण्यातील स्त्रियांची नावे दिलेली होती : केटी, शीला, अर्सुला. एवढे सांगितल्यावर ही गाडी लोकांच्या आठवणीत का राहिली, हे निराळे सांगावयास नको. गुडघ्याएवढ्या रुळांवरून निघालेले इंजिन आणि त्यामागे डब्यात बसलेले राजेशाही पाहुणे, हे दृश्य कोणाच्याही मनात घर करील.

आमचा पहिला आक्षेप येथेच आहे. अशा लेखनात ही गाडी बहुधा एखाद्या श्रीमंताच्या खेळण्याप्रमाणे अवतरते. हेवुड यांना हे मुळीच रुचले नसते. जमीनदारीची अवजड वाहतूक सर्वांत कमी खर्चात करावयाची तर रूळ किती जवळ आणता येतील, हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न होता. डर्बीशरमधील आपल्या घराच्या आवारात त्यांनी वर्षानुवर्षे प्रयोग केले, या विषयावर पुस्तक लिहिले आणि लष्करी खात्यासही ही योजना पटविण्याचा यत्न केला. खात्याने ती स्वीकारली नाही. सव्वा फुटाखाली गेल्यास गाडीला स्थैर्य राहत नाही, म्हणून ते तेथे थांबले. हौस म्हणून नव्हे. ईटनची गाडी मुख्यत्वे कोळसा, विटा, इमारती लाकूड व रस्त्याची खडी वाही. पाहुण्यांचे डबे हा प्रासंगिक थाट होता. आठवणीने मात्र पाहुणे ठेवले आणि कोळसा टाकून दिला.

कोळसा वगळला म्हणजे प्रासादाचे मर्मच हातून निसटते. ज्या घराची धग टिकविण्यासाठी रूळ टाकावे लागतात, ते घर भिंती उभ्या आहेत तोवर जगेल असे नाही. इंधन, इंधन ओढणारे हात आणि त्या हातांना परवडणारी मजुरी हे तिन्ही जुळून आहेत तोवरच ते जगेल. दुसऱ्या महायुद्धानंतर ही गाडी बंद झाली आणि तिचे सामान केंटच्या किनाऱ्यावरील रॉम्नी येथील लहान रेल्वेने विकत घेतले. त्या वेळी प्रासाद धडधाकट उभा होता. आमच्या मते त्याचे गृहपण मात्र रुळांबरोबरच उखडले गेले. पुढील पंधरा वर्षे उभी होती ती केवळ एक इमारत.

दुसरा आक्षेप हळहळीविषयी आहे. सरकारने वारसाकर लादून असली घरे मारली, असा या लेखनाचा ठरलेला सूर. १९५३ साली दुसरे ड्यूक वारले आणि घराण्यावर प्रचंड कर बसला, हे खरे. पण घराणे दरिद्री झाले नाही. त्याच जागी १९७१ ते १९७३ मध्ये त्याने नवे घर बांधले. जुने पडले याचे कारण तसल्या घरात राहणे आता कोणास नको होते. शिवाय मधल्या काळात तेथे कोण होते, हेही पाहिले पाहिजे. १९४३ पासून आरमारी विद्यालय, आणि पुढे १९४६ ते १९५८ पर्यंत लष्करी उमेदवारांची शाळा. त्या हजारो तरुणांच्या आठवणीत ईटन हॉल हे उमरावाचे घर नसून कवायतीचे मैदान आहे. तीही स्थानिक स्मृतीच. परंतु हळहळीच्या सुरात बसत नाही म्हणून ती कडेला पडते.

या ठिकाणी एव्हलिन वॉ यांच्या १९४५ सालच्या 'ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड' या कादंबरीचे स्मरण होते. सैन्याची तुकडी रात्री आगगाडीने येऊन उतरते आणि सकाळी नायकास कळते की, आपला तळ ओळखीच्याच वाड्यात पडला आहे. १९५९ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत वॉ यांनी, या घरांचा मृत्युलेख आपण अकाली लिहिला, अशा आशयाची कबुली दिली. दोनच वर्षांत ईटनवर पहार पडली. वाड्यांच्या भवितव्याविषयी मोठा कादंबरीकारही दोन्ही बाजूंनी चकतो, तर गावच्या वृद्धास दोष काय द्यावयाचा!

आणि दोष देणे हा आमचा हेतूही नाही. शिल्पशास्त्राच्या ग्रंथांतून कमानींचे वर्णन मिळेल, पण फाट्यावरून डबे कसे भरून येत आणि ते कोण रिते करी हे सांगणारा त्या गावचाच माणूस पाहिजे. आमची मागणी इतकीच की, त्याला तेच विचारावे. पाहुण्यांविषयी विचारले म्हणजे तो पाहुण्यांविषयीच बोलतो.

आमच्याकडील वाड्यांच्या आठवणींनाही हे लागू आहे. चौक, झोपाळा व तुळशीवृंदावन यांची वर्णने मराठीत विपुल आहेत. पाणी कोणी शेंदले आणि सरपण कोणी आणले याचा उल्लेख क्वचित सापडतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' (१९३४-३७) या ग्रंथाचे मोल येथे उमजते. घरातील ओढग्रस्त व कष्ट त्यांनी हसतमुखाने सांगितले, पण गाळले नाहीत.

ईटनच्या उद्यानात पुढे पुन्हा एक छोटी आगगाडी सुरू झाली आहे. तिचे इंजिन जुन्या 'केटी'ची प्रतिकृती असून उद्यान लोकांस खुले असते तेव्हा ती मुलाबाळांस फिरविते. मुले आनंदतात, आणि त्यात गैर काहीच नाही. फक्त ती कोळसा वाहून नेत नाही. जुन्या गाडीला जे खेळण्याचे रूप आठवणींनी दिले होते, ते या नव्या गाडीच्या बाबतीत अक्षरशः खरे ठरले आहे. तिला पाहून जुनी गाडी कळली असे मानणाऱ्या लेखकाने लेखणी उचलण्यापूर्वी बाल्डर्टनच्या फाट्यावर उतरणाऱ्या मालाची एकवार चौकशी करावी, अशी आमची नम्र सूचना आहे.